गणपतीचा पाट घरीच करू या

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण सुरू आहे आणि वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांतून सध्या एकच तक्रार ऐकू येते: दार बसत नाही. मग मिस्त्रीला बोलावलं जातं, तो कडेवर चार हात रंधा मारतो आणि दार सुतासारखं सरळ लागतं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच दाराच्या फटीतून पाल आत येते. म्हणून आधीच सांगून टाकतो, पावसाळ्यात फुगलेल्या दाराला रंधा लावू नका. जिथे घासतंय तिथे मेणबत्ती चोळा आणि दिवाळीपर्यंत दम धरा.

कारण सोपं आहे. लाकूड कापून शंभर वर्षं झाली तरी ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. एक फूट रुंद सागाची फळी वडोदऱ्याच्या मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये मोजलीत, तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज मिळेल. आंबा आणखी हलतो. पॉलिश मारलं म्हणजे हे थांबतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. पॉलिशनं वेग कमी होतो, हालचाल थांबत नाही.

हे समजून घ्यायला पाटासारखी वस्तू नाही. हौशी माणूस पहिल्यांदाच डायनिंग टेबल करायला घेतो, सहा महिने गच्ची अडवून ठेवतो आणि घरच्यांची बोलणी खातो. त्यापेक्षा पाट करा. गणपती जवळ आलेत, लाकूड थोडं लागतं आणि सुतारकामातली मुख्य अडचण त्यात पूर्णपणे भेटते.

पाट म्हणजे काय, तर एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. फळी रुंदीत हलणार, आणि पट्टी नेमकी त्याच दिशेला आडवी असल्यामुळे तिची लांबी तेवढीच राहणार. दोन्ही टोकांना खिळे ठोकून वर पूर्ण पट्टीभर फेविकॉल लावलात, तर उन्हाळ्यात आकसताना फळीला जागाच उरत नाही. मग ती मधोमध उभी तडकते. तुमच्या घरात आजीच्या काळचा पाट असेल तर तो उलटा करून बघा. चांगल्या सुताराचा असेल, तर पट्टी खिळ्यावर नसते. फळीच्या पोटात तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी खाच असते, त्यात पट्टी बाजूनं सरकवून बसवलेली असते. सरस नाही, खिळा नाही. फळी त्या खाचेत हवी तेवढी सरकते, तरी वाकत मात्र नाही. मला विचाराल तर अख्ख्या सुतारकामातली ही सगळ्यात हुशार युक्ती आहे.

ती खाच पहिल्याच प्रयत्नात जमायची नाही. आपण स्क्रू वापरू. पट्टीला मधोमध एक स्क्रू घट्ट. दोन्ही टोकांना भोक गोल न पाडता पट्टीच्या लांबीच्या दिशेनं लांबट पाडायचं, म्हणजे फळीबरोबर स्क्रू त्यात थोडा मागेपुढे होईल. फेविकॉल लावायचाच असेल तर फक्त मधल्या दोन इंचांत. पितळी स्क्रू सागात थेट पिळू नका, मान तुटते. आधी बारीक भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करा, मग पितळीला साबण लावून बसवा.

लाकूड कुठलं? जुना साग. वाडे पाडले जातात तेव्हा तुळया आणि दारं भंगारवाल्याकडे येतात. त्या लाकडाचं सुरुवातीचं वाळणं आणि वाकणं होऊन गेलेलं असतं, मोसमी फुगणं-आकसणं मात्र चालूच राहतं. आणण्यापूर्वी खिशातून लोहचुंबक न्या आणि फळीवरून फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर रंध्याच्या पात्याला खाच पडते. नवी फळी घेतलीत, तर खाली काड्या देऊन दोन आठवडे तरी घरात आडवी ठेवा.

हत्यारं थोडी पुरतात: बारीक दातांची करवत, एक रंधा, अर्ध्या इंचाची पटाशी, काटकोन बघायला गुण्या आणि धार लावायला निसणा. मशीन घ्यायची घाई करू नका. रंध्याला कागद कापेल अशी धार असेल तर सागाची साल पापुद्र्यासारखी निघते. लाकूड उचकटतंय असं दिसलं, की फळी उलट दिशेनं फिरवा. नंतर काचपेपर, आधी 80 नंबरचा, मग 120, मग 180, नेहमी रेषांच्या दिशेनं. 120 झाल्यावर ओल्या फडक्यानं फळी पुसून वाळू द्या. तंतू उभे राहतात, ते 180 नं निघून जातात. सागाची धूळ घशाला आणि फुप्फुसाला वाईट, तेव्हा तोंडावर मास्क हवाच.

आता पॉलिश. इथे मी थोडा हट्टी आहे. दुकानदार तुम्हाला मेलामाइन दाखवेल, पीयू दाखवेल. ते फवाऱ्याचं काम, घरच्या गॅलरीत नको. चपडा लाख घ्या. पळसावर, ज्याला इथे खाखरा म्हणतात, आणि कुसुमाच्या झाडावर लाखेचे किडे ती तयार करतात. आपल्या संखेड्याच्या झोपाळ्यांवरची झळाळी लाखेचीच. वडोदऱ्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरचं हे गाव. तिथले खरादी सागाचे पाये खरादावर घेतात, कथिलाच्या रंगानं नक्षी काढतात आणि त्यावर लाख चढवतात. खालचं रुपेरी कथिल लाखेच्या थराखालून सोनेरी दिसतं. केवड्याच्या पानानं लाख पसरवताना बघायला मिळालं तर चुकवू नका.

आपल्याला तेवढं नको. शंभर ग्रॅम चपडा, अर्धा लिटर स्पिरिट, काचेच्या बाटलीत रात्रभर. लोखंडी डब्यात नको, काळपट होतं. मधून मधून हलवा आणि सकाळी मलमलीतून गाळा. लागेल तेवढंच करा. सहा महिने पडून राहिलेलं पॉलिश वाळता वाळत नाही, चिकट राहतं. काचेवर एक थेंब टाकून आधी तपासायचं. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करा आणि पातळ हात मारा. पुरचुंडी फळीवर थांबू द्यायची नाही, जिथे थांबली तिथे डाग. अर्ध्या तासानं दुसरा हात. खिडक्या उघड्या ठेवा आणि शेजारी निरांजन किंवा उदबत्ती नको, स्पिरिट भडकतं.

पावसाळी दिवशी पॉलिशवर पांढुरकी धुकटी येते. घाबरू नका. कोरडं ऊन पडलं की स्पिरिटनं किंचित ओली केलेली पुरचुंडी हलकेच फिरवा, जाते. म्हणून हे काम उघडीप असलेल्या दुपारीच करायचं. लाखेला गरम भांडं आणि साचलेलं पाणी सोसत नाही, तेव्हा अभिषेक ताम्हनातच करा. पोळपाटाला मात्र यातलं काहीच लावू नका. शेंगदाण्याचं तेलही नको, ते वाळत नाही आणि खवट होतं. पोळपाट कोरडाच बरा.

कुणी जवसाचं तेल वापरणार असेल, तर तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापतात आणि पेटतातही. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

शेवटचा हात मारल्यावर पाट निदान चार दिवस मोकळा ठेवायचा, मगच त्यावर वस्त्र. फळी मुरायचे दोन आठवडे त्यात धरा आणि चतुर्थीपासून उलटे दिवस मोजून लाकूड आणायला निघा. नमस्कार.