आचळावरचा फोड, बशीतला धूमकेतू

(पहाटेचा गोठा. बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज.)

धार काढताना म्हैस अचानक लाथ झाडते. हात लावून बघावं तर आचळावर फोड, खपली. काही दिवसांनी तसाच फोड धार काढणाऱ्याच्या बोटांवर उठतो, काखेत गाठ येते, अंगात कणकण भरते. या म्हशींच्या देवी, बफेलोपॉक्स. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या गावांत हा आजार म्हशींकडून माणसांत आला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला.

हा विषाणू व्हॅक्सिनियाचा सख्खा भाऊ. तोच व्हॅक्सिनिया, ज्याच्यापासून केलेली देवीची लस आपल्या आईवडिलांच्या दंडावर वण ठेवून गेली. १९८० साली देवीचं निर्मूलन जाहीर झालं, लस बंद झाली. तिच्यामुळे गोदेवी, एमपॉक्स (आधीचं नाव मंकीपॉक्स) अशा भाऊबंदांपासून मिळणारा आडोसाही पुढच्या पिढ्यांना राहिला नाही. म्हणून औषध हवं.

(प्रयोगशाळा. सहा खळग्यांची प्लास्टिकची बशी.)

औषधाची पहिली परीक्षा इथे होते. तळाला माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींचा सलग थर. त्यावर मोजून विषाणू सोडतात. प्रत्येक खळग्यात औषधाची मात्रा वेगळी. दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग ओतून धुतात. जगलेल्या पेशी रंग धरतात. विषाणूने जिथे पेशी मारल्या, तिथे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. ती एकेक करून मोजायची. भोकं निम्म्यावर आणणारी मात्रा किती, हे त्यातून कळतं. नुसत्या औषधानेच पेशी मेल्या तर? म्हणून विषाणू न सोडलेल्या पेशींवरही तेच औषध घालून बघतात.

टेकोव्हिरिमॅट हे औषध साडेतीन लाखांहून जास्त रसायनं चाळून हाती लागलं. २००५ साली ते शोधनिबंधातून जगासमोर आलं. व्हॅक्सिनियाला रोखायला त्याची अगदी नगण्य मात्रा पुरते. आणि बशीत ते काय करतं, हे डोळ्यांना दिसतं. औषध नसेल तर पेशींवरच्या पातळ द्रवात विषाणू वाहत जातात आणि भोकाला शेपटी फुटते, थेट धूमकेतूसारखी. औषध घातलं की शेपटी गायब. विषाणू पेशीत तयार होतो, पण बाहेर पडताना लागणारं वेष्टण त्याला मिळत नाही. ते वेष्टण चढवणारं पी-३७ हे विषाणूचं प्रथिन औषधाने अडवलेलं असतं.

मात्र त्या प्रथिनात एक बारीक बदल झाला, तरी औषध निकामी होऊ शकतं. म्हणून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. बफेलोपॉक्सचा विषाणू आपली प्रथिनं बनवायला पेशीतलं एमएनके-१ हे विकर वापरतो. त्यांनी ते विकरच रोखून पाहिलं आणि विषाणूची वाढ मंदावली.

(काँगो. रुग्णालयाचा व्हरांडा.)

देवीचा रुग्ण जगात उरलेला नाही. त्यामुळे माकडं आणि सशांवरच्या प्रयोगांच्या आधारे २०१८ साली अमेरिकेने टेकोव्हिरिमॅटला देवीवरचं औषध म्हणून मान्यता दिली. पण काँगोत एमपॉक्सच्या ५९७ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२४ साली निकाल आला: औषध घेतलेल्यांचे फोड इतरांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. बशीतली शेपटी पुसणाऱ्या औषधाकडून फार आशा होती. हा निकाल जिव्हारी लागतो. त्याच चाचणीतला एक आकडा मात्र धरून ठेवावा असा आहे. औषध मिळालेले आणि न मिळालेले, दोन्ही गटांत मिळून मृत्यू १.७ टक्के, तिथल्या नेहमीच्या प्रमाणाहून बरेच कमी. रुग्णालयात ठेवून नीट शुश्रूषा झाली, पोटाला मिळालं, जखमा चिघळल्या तर उपचार झाले.

(पुन्हा गोठा.)

बफेलोपॉक्ससाठी खास मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. बोटावरचा फोड खपली धरेपर्यंत थांबायचं. तोवर म्हैस मात्र दोन्ही वेळेला पिळावीच लागते, नाहीतर कास दाटते.