दहा बोटं आणि ४८ तास

(दृश्य: काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगातलं नोंदणीचं टेबल. काचेवर टेकवलेली बोटं, स्क्रीनवर उमटणारे ठसे.)

अमेरिकेत कुणालाही अटक झाली की आधी दहाही बोटांचे ठसे घेतात. ते एफबीआयकडे जातात आणि तिथून परस्पर केंद्राच्या गृहसुरक्षा खात्याकडे. २००८ पासून ही जोडणी सुरू झाली. शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, पटो न पटो, त्याला ती तोडता येत नाही. मुंबईत व्हिसासाठी दिलेले ठसेही याच खात्याच्या संग्रहात असतात. त्यामुळे मुदत संपून राहिलेला पुणेकरही इथे सापडतो.

(दृश्य: डिटेनरचा छापील अर्ज.)

खरं भांडण या कागदावरून आहे. केंद्राची स्थलांतर यंत्रणा, म्हणजे 'आइस', डिटेनर पाठवून तुरुंगाला कळवते: याची सुटका झाली तरी ४८ तासांपर्यंत सोडू नका, आम्ही न्यायला येतो. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. सोबतचं वॉरंटसुद्धा आइसच्याच अधिकाऱ्याचं. ओरेगनमधल्या क्लॅकमस काउंटीने या कागदावर विसंबून एका बाईला अडकवून ठेवलं. २०१४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने दोष दिला तो काउंटीला. मग बऱ्याच शेरीफांनी डिटेनर पाळणं बंदच केलं.

केंद्राला नाही कसं म्हणता येतं? त्याचं उत्तर बंदुकांच्या खटल्यात आहे. बंदूक घेणाऱ्याची चौकशी स्थानिक पोलिसांनी करावी, असा केंद्राचा कायदा होता. मोंटानाचे शेरीफ जे प्रिंट्झ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये जिंकले: केंद्राला राज्यांच्या माणसांना कामाला जुंपता येत नाही. बंदूकवाल्यांना हायसं वाटलं. आज त्याच निकालाच्या आडोशाला आइसला मदत नाकारणारी उदारमतवादी शहरं उभी आहेत!

(दृश्य: ॲरिझोना, मॅरिकोपा काउंटी. रस्त्यावर अडवलेली गाडी.)

आपणहून हात पुढे करणारेही आहेत. १९९६ च्या कायद्यातल्या २८७(जी) कलमाखाली करार केला की स्थानिक पोलीस स्थलांतर अधिकाऱ्याचं काम करू शकतात. मॅरिकोपाचे शेरीफ जो अर्पायो यांनी २००७ मध्ये तो केला. त्यांची माणसं लॅटिनो चालकांना वंशावरून अडवतात, असा निकाल २०१३ मध्ये लागला. न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल २०१७ मध्ये अर्पायो दोषी ठरले, पण ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

त्याच वर्षी दोन राज्यांनी दोन टोकं गाठली. टेक्ससमध्ये डिटेनर न पाळणाऱ्या शेरीफला दंड होऊ शकतो, पदही जाऊ शकतं. कॅलिफोर्नियात मात्र नुसत्या डिटेनरवर कुणाला जास्त वेळ कोठडीत ठेवलं, तर कायदा मोडतो तो शेरीफच.