ओ दिसतं, पण ओ नाही

(दृश्य: रक्तपेढीतलं टेबल. पांढरी टाइल, तिच्यावर रक्ताचे दोन थेंब.)

एका थेंबात निळं औषध, अँटी-ए. दुसऱ्यात पिवळं, अँटी-बी. काडीने ढवळायचं आणि टाइल हलकेच डोलवायची. दूध नासावं तसे कण ज्या थेंबात दिसतील, तो गट. इथे दोन्ही थेंब गुळगुळीत राहिलेत. म्हणजे ओ. घाईत असलेला माणूस इथेच कार्डावर ओ लिहून मोकळा होतो.

पण उलटी तपासणी बाकी आहे. याच माणसाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पातळ भागात, आता ओ गटाच्या पेशी टाकल्या. खऱ्या ओ गटात त्या निवांत राहतात. इथे नळीच्या तळाशी गुठळी धरलीय. या माणसाला ओ रक्त चढवलं, तर ते जिवावर बेतेल.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रक्ताची पहिली नोंद केली. ते मुंबईत सापडलं, म्हणून नाव पडलं ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. पुढे शहराचं नाव बदललं, रक्ताचं तेच राहिलं.

(दृश्य: लाल पेशीचं रेखाचित्र.)

लाल पेशीवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली, की तयार होतो एच. ए आणि बी या एचवरच चढतात. एच म्हणजे घराचं जोतं. जोतंच नसेल, तर माडी चढवायची कशावर? बॉम्बे गटात हे जोतंच नसतं. ओ म्हणजे माडीविना नुसतं जोतं, आणि या माणसाच्या सीरमला तेच परकं वाटतं. म्हणून नळीत गुठळी धरली.

फ्यूकोज जोडणारं विकर (एन्झाइम) एका जनुकाच्या सांगण्यावरून बनतं. हे जनुक १९ व्या गुणसूत्रावर असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. चालू प्रतीला मोठा एच म्हणू, बिघडलेलीला लहान एच. दोनांपैकी एक जरी मोठा असला, तरी विकर पुरेसं बनतं. म्हणून मोठा एच प्रभावी, लहान एच अप्रभावी.

‘प्रभावी’ या शब्दाने जरा घोटाळा होतो. वाटतं, एक दांडगट जनुक दुसऱ्याच्या उरावर बसलंय. तसं काही नसतं. दोन भावांतला एक कमावता असला तरी घरची चूल पेटते, एवढंच. मेंडेलच्या वाटाण्यातही हेच होतं. त्याने मोजलेल्या ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल निघाले आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्च घडवणारं एक विकर बिघडलेलं असतं, हे कितीतरी दशकांनी कळलं.

भारतात दहा हजारांत साधारण एक माणूस या गटाचा. युरोपात दहा लाखांत एक. आता थोडा हिशेब करू. दहा हजारांत एकाला लहान एचची जोडी मिळते, म्हणजे शंभर प्रतींत एक प्रत बिघडलेली. मग एकच बिघडलेली प्रत बाळगणारे किती? पन्नासांत एक. भरलेल्या एसटीत एखादा असायचाच. त्याचा रिपोर्ट मात्र चारचौघांसारखा येतो, आणि त्याला जन्मभर पत्ता लागत नाही.

अशा दोघांची गाठ पडली, तर प्रत्येक अपत्यामागे चारात एक शक्यता. एरवी ही गाठ योगायोगाने पडते. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत मात्र योगायोगावर फारसं सोडत नाही. समजा, दोघांच्या सामाईक आजोबांकडे एक लहान एच होता. तो नातवापर्यंत उतरण्याची शक्यता चारात एक, नातीपर्यंतही चारात एक. त्यांच्या मुलात दोन्ही लहान एच एकत्र येण्याची शक्यता होते चौसष्टात एक. कुठे दहा हजार आणि कुठे चौसष्ट!

आणखी एक गंमत. घरच्यांना ती गंमत वाटत नाही, हे खरं. आईच्या कार्डावर ओ, वडिलांच्या कार्डावर ओ, आणि बाळ बी गटाचं. आजूबाजूला कुजबुज सुरू होते. आई मात्र बॉम्बे गटाची असू शकते. बीचं जनुक तिच्याकडे पहिल्यापासून होतं, जोतं नसल्यामुळे ते दिसलं नाही. बाळाला वडिलांकडून मोठा एच मिळाला आणि आईचा बी उघडा पडला.

(दृश्य: रक्तपेढी, रात्र. शीतपेटीचा आवाज.)

या माणसांच्या लाल पेशी बहुतेक कुणालाही चालू शकतात. त्यांना घेता येतात त्या फक्त आपल्या गटाच्या. पिशवी टिकते ३५ ते ४२ दिवस, त्यामुळे साठा करून ठेवणंही अवघड. दात्यांच्या याद्या असतात, पण शोध घरापासूनच सुरू करावा. सख्ख्या भावंडांत ही शक्यता चारात एक असते.

धाकटा भाऊ आलाय. बाही वर केलीय. टाइलवर दोन थेंब, दोन्ही गुळगुळीत. त्याकडे आता कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरणाऱ्या नळीवर आहेत.