एक कुरण, तीन उंचीचं गवत

हे काळं दिसतंय ना, इथे वणवा वगैरे लागलेला नाहीये, मुद्दाम पेटवलंय. आपण आहोत अमेरिकेत, ओक्लाहोमामध्ये, पॉहस्का गावाजवळच्या टॉलग्रास प्रेरी प्रिझर्व्हवर, म्हणजे राखून ठेवलेल्या गवताळ मैदानावर. टॉलग्रास म्हणजे खरंच टॉल, चांगला पाऊस झाला की बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माणसाच्या डोक्यावरून जातं. अशी उंच गवताची प्रेरी कॅनडापासून टेक्सासपर्यंत होती, आता ४ टक्केसुद्धा उरलेली नाही, बाकी सगळी नांगराखाली गेली. इथे थोडं खणलं की खडक, नांगर चालेना, म्हणून लोकांनी गुरं पाळली आणि गवत वाचलं.

पण गुरं चारायची कशी, त्याचं शास्त्र एकच सांगायचं: अर्धं खाऊ द्या, अर्धं राहू द्या, आणि चराई सगळीकडे सारखी झाली पाहिजे. त्यासाठी मग मधे कुंपणं घाला, पाणी आणि मिठाचे ठोकळे लांब लांब ठेवा. हिशोब चोख, चूक काहीच नाही, फक्त सगळं कुरण एकाच उंचीचं झालं, न्हाव्याने डोक्यावर एकच मशीन फिरवावं तसं.

आता हा पक्षी बघा, ग्रेटर प्रेरी चिकन. नराला नाचून दाखवायला आखूड गवताची मोकळी जागा लागते, मादीला घरट्यासाठी उंच, जुनं, दाट गवत, आणि पिल्लं निघाली की त्यांना मधलं काहीतरी, विरळसं, रानफुलं आणि भरपूर किडे असलेलं, म्हणजे खाली सहज पळता येईल आणि वरून ससाण्याला दिसणार नाही. एकाच कुटुंबाला तीन प्रकारचं गवत, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. सारख्या कापलेल्या कुरणात हे कुठून मिळणार?

२००१ मध्ये ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या सॅम्युएल फुलेनडॉर्फ आणि डेव्हिड एंगल यांनी हा सारखेपणाचा हट्टच उलटा केला. दरवर्षी कुरणाचा साधारण एक तृतीयांश तुकडा जाळायचा, बाकीचा ठेवायचा, मधे कुंपण नाही. जळालेल्या जागी कोवळी पालवी फुटते, प्रोटीन जास्त, मग गुरं आपणहून तिकडेच जातात, कोणी हाकायला नको. ती तिथे अडकली की उरलेल्या भागात गवत वाढतं, वाळतं, साचतं, आणि पुढच्या आगीला तेच जळण. म्हणजे आग ठरवते गुरं कुठे चरणार, आणि गुरं ठरवतात पुढची आग कुठे नीट पेटणार. हे काही नवं नाही म्हणा, वीज पडून लागलेल्या आणि इथल्या मूळ लोकांनी लावलेल्या आगींमागे बायसनचे कळप असेच फिरायचे. (बायसन म्हणजे आपला गवा नव्हे, हा केसाळ, वेगळा.) या प्रिझर्व्हवर १९९३ मध्ये ३०० बायसन परत सोडले.

गुरं पाळणारा विचारणार, माझं काय? तर ओक्लाहोमातल्या प्रयोगांत गुरांचं वजन काही घटलं नाही, आणि दुष्काळ पडलाच तर न जाळलेला तुकडा म्हणजे घरातला साठाच की. शिवाय ईस्टर्न रेडसीडरची रोपं जळतात, नाहीतर ते झाड अख्खं कुरण गिळतं. पण नुसती आग लावली की झालं असंही नाही. शेजारच्या कॅन्ससमध्ये फ्लिंट हिल्सच्या बऱ्याच भागात दर वसंतात झाडून सगळं जाळतात, तिथे परत सगळं सारखंच. आणि गुरं जास्त झाली तर न जाळलेला तुकडाही खाऊन संपतो, मग पेटणार काय?

हा पलीकडचा उंच तुकडा, पुढच्या वेळी याचा नंबर. इथे कान दिलात तर हेन्स्लोज स्पॅरो नावाचा पक्षी ऐकू येईल, गाणं कसलं, उचकीच ती. त्याला जुनं, वाळकं, पायात अडकणारं गवत लागतं. हा तुकडा पेटला की तो शेजारच्यात जाणार, जो त्याच्या दोन वर्षं आधी असाच काळा होता.