हार्बुर्गची पेंड

[दृश्य: अंगण. दगडावर दगड. पाच-सहा ठोके नुसते ऐकू द्यावेत, मग निवेदन.]

आग्नेय नायजेरिया. इग्बो लोकांचा मुलूख. इथे फोडल्या जातायत त्या पामच्या बिया. बी सपाट दगडावर धरायची आणि हातातल्या दगडाचा एकच नेमका ठोका द्यायचा. कमी पडला तर कवच हलत नाही. जास्त झाला तर आतला गर चेचतो, आणि चेचलेला गर खवट व्हायला वेळ लागत नाही. कोकणात काजूगर काढणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे काम समजावून सांगायला नको.

दगड हातात येण्याआधीच बरंच काम होऊन गेलेलं असतं. कमरेला दोर लावून पुरुष झाडावर चढतो, घड खाली पाडतो. फळं सुटी करायची, उकडायची, मग कुटायची किंवा तुडवायची. पिळल्यावर निघतं ते लालभडक पामतेल. चोथा बाजूला केला की खाली बिया राहतात. त्या उन्हात घालायच्या. आतला गर आकसून कवचापासून सुटेपर्यंत थांबायचं, तोवर फोडायला घेण्यात अर्थ नाही. फुटलेली कवचं चुलीत जातात, जळण म्हणून ती चांगली. गर निवडून टोपलीत.

[दृश्य: टोपलीतला गर, अगदी जवळून.]

या भागात रिवाज असा होता, की तेलाचे पैसे घरधन्याचे आणि गराचे पैसे बाईचे. पुढे समुद्र येईल, युद्ध येईल, लंडनच्या समित्या येतील. पण त्या सगळ्यांच्या हिशेबातला माल या बाईचा होता.

[दृश्य: ओपोबो. नदीचं मुख, जुना धक्का.]

गावातून अडत्याकडे, अडत्याकडून होडीने इथे, आणि इथून आगबोटीत. 1913 साली नायजेरियातून सुमारे पावणेदोन लाख टन पामगर बाहेर गेला. वसाहत ब्रिटिशांची, तेव्हा माल लिव्हरपूलला जात असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश जर्मनीला जात होता.

[दृश्य: हार्बुर्गची गोदी, विटांच्या जुन्या गिरण्या.]

एल्बे नदीकाठचं हार्बुर्ग. आज हा हॅम्बुर्ग शहराचा भाग आहे. 1937 पर्यंत ते वेगळं गाव होतं. इथल्या तेलगिरण्यांनी पामगराचं तंत्र बसवलं होतं. गर आधी चाळायचा, कारण कवचाचा तुकडा राहिला तर यंत्राचे दात जातात. मग रुळांखाली दळायचा, गरम करायचा, दाबयंत्रात घालायचा. वजनाच्या जवळपास निम्मं तेल. ते साबणाला आणि मार्गारिनला, म्हणजे तेलापासून केलेल्या नकली लोण्याला. उरलेल्या निम्म्याची पेंड.

या पेंडीवरच सगळा व्यवहार उभा होता. तेल कुठेही विकता येतं. पेंडीला मात्र गिऱ्हाईक लागतं, आणि ते गिऱ्हाईक जर्मनीत होतं: उत्तरेकडचा दुभत्या गाईंचा शेतकरी. या पेंडीत प्रथिनं बऱ्यापैकी असतात, आणि गाईला ती घातली की लोणी घट्ट येतं. लोणी विकणाऱ्याला एवढं पुरे. पेंडीला भाव मिळाला म्हणून जर्मन गिरणीवाल्याला गराला जास्त भाव देणं परवडलं, आणि म्हणून ओपोबोच्या आगबोटी हॅम्बुर्गकडे वळल्या.

ब्रिटनचा शेतकरी या पेंडीला हात लावत नव्हता. त्याच्या गोठ्यात जवसाची पेंड आणि सरकीची पेंड. इंग्लंडच्या हल बंदरातल्या गिरण्या इजिप्तची आणि मुंबईहून गेलेली सरकी गाळत. म्हणजे आपली सरकी यॉर्कशरच्या गव्हाणीत, आणि नायजेरियाचा पामगर उत्तर जर्मनीतल्या होल्श्टाइनच्या.

[दृश्य: नकाशा. उत्तर समुद्रावर रेघ ओढली जाते.]

4 ऑगस्ट 1914. ब्रिटन युद्धात उतरलं, जर्मनीला समुद्र बंद झाला.

जर्मनीचा पशुखाद्याचा मोठा वाटा बाहेरून येत होता. गाईंना पेंड, डुकरांना रशियाची बार्ली. दोन्ही एकदम थांबलं. वर्ष संपता संपता पाउल एल्ट्सबाखर यांच्या संपादनाखाली तज्ज्ञांचा एक अहवाल निघाला. त्यातलं गणित साधं होतं: डुक्कर माणसाचे बटाटे आणि धान्य खातं, म्हणून डुकरं कमी करा. डिसेंबर 1914 मध्ये देशात सुमारे अडीच कोटी डुकरं होती. पुढच्या एप्रिलपर्यंत ती 1 कोटी 70 लाखांच्या आत आली. एकाच वेळी इतकं मांस निघालं की ते नीट टिकवताही आलं नाही.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. रांगा. निवेदन नाही, दहा सेकंद.]

1916-17 चा हिवाळा जर्मनीने सलगमावर काढला. शेजारचा डेन्मार्क तर तटस्थ, पण त्याचंही पशुखाद्य बाहेरूनच येई. 1917 मध्ये जर्मन पाणबुड्यांचं अनिर्बंध युद्ध सुरू झालं, अमेरिकेने निर्यात रोखली, आणि 1914 मध्ये पंचवीस लाखांच्या घरात असलेली तिथली डुकरं 1918 पर्यंत सहा लाखांच्या आसपास उरली.

[दृश्य: पुन्हा ओपोबोचा धक्का. मग लंडन, वसाहत खात्याची इमारत.]

ऑगस्ट 1914 मध्ये नायजेरियात माल पडून राहिला. मोठा खरेदीदार एका रात्रीत शत्रू झाला होता. भाव कोसळले. ब्रिटनमध्ये एवढा पामगर गाळायला गिरण्या नव्हत्या, आणि गिरण्या काढायच्या तर पेंड घेणार कोण? मग शेतकऱ्यांना पटवायचं काम सुरू झालं. ही पेंड गाईंना घालून प्रयोग झाले, दुधाची मापं घेतली गेली, पत्रकं निघाली. गाई सुरुवातीला तोंड फिरवत, कारण ही पेंड कोरडी आणि चरचरीत लागते. दुसऱ्या खाद्यात थोडी थोडी मिसळून सवय लावा, असा सल्ला दिला जाई. आपल्या गोठ्यात आंबोण बदलताना कुणीही हेच करतो, पत्रकाशिवाय.

जून 1915 मध्ये वसाहत खात्याने एक समिती नेमली. अध्यक्ष आर्थर स्टील-मेटलंड, खात्याचे उपमंत्री. विषय: खाद्य आणि तेल देणाऱ्या बिया. समितीत व्यापारी होते, तेलधंद्याची माहिती असलेली माणसं होती. गर फोडणारी बाई नव्हती, तिच्या वतीने बोलणारंही कुणी नव्हतं.

[दृश्य: अहवालाचं मुखपृष्ठ. 1916.]

शिफारस अशी. पश्चिम आफ्रिकेच्या ब्रिटिश वसाहतींतून पामगर साम्राज्याबाहेर गेला तर टनामागे दोन पौंड निर्यात कर. साम्राज्यात गेला तर कर नाही. आणि हे युद्धापुरतं नव्हे. युद्ध संपल्यावर पाच वर्षं. कारण युद्ध संपलं की हार्बुर्गच्या गिरण्या पुन्हा जास्त भाव देतील, माल पुन्हा तिकडे जाईल, आणि ब्रिटनमध्ये नव्याने उभ्या केलेल्या गिरण्या रिकाम्या पडतील. ही भीती त्यांनी लपवलेली नव्हती.

हा कर बसला की लिव्हरपूलचा खरेदीदार हॅम्बुर्गपेक्षा कमी भाव देऊ शकणार होता, कारण हॅम्बुर्गच्या भावातून दोन पौंड आधीच कापलेले. ही कपात गिरणीवाल्याच्या खिशातून होत नव्हती, आगबोटीच्या भाड्यातूनही नव्हती. ती अडत्यामार्फत खाली सरकत टोपलीपर्यंत यायची. शत्रूला चारा मिळू नये, हा युद्धातला युक्तिवाद एक वेळ समजतो. शांततेच्या काळातली पाच वर्षं त्यात कशी बसतात, ते ज्याचं त्याने ठरवावं.

या व्यापाराचं वजन किती होतं? नायजेरियातल्या जप्त जर्मन मालमत्तेचा लिलाव फक्त ब्रिटिशांसाठी ठेवायचा की नाही, यावर नोव्हेंबर 1916 मध्ये लंडनच्या संसदेत सरकारची चांगलीच ओढाताण झाली. महिन्याभरात पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ पायउतार झाले. कारणं बरीच होती, पण त्या पडझडीतली एक वीट ओपोबो-लागोसच्या वखारींची होती.

कर लागू झाला 1919 मध्ये. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या कच्च्या कातड्यांवरही 15 टक्के निर्यात कर बसला, आणि कातडी साम्राज्यात कमावली तर त्यातले 10 टक्के परत. तिथेही युद्धाआधीचा बडा खरेदीदार जर्मनच होता.

[दृश्य: लागोसचा बाजार, आजचा.]

1922 मध्ये पामगरावरचा कर उठला. जर्मन खरेदीदार परत आले. दरम्यान धंदा मोजक्या हातांत गोळा होत होता. 1929 मध्ये पश्चिम आफ्रिकेतला माल खरेदी करणारी युनायटेड आफ्रिका कंपनी उभी राहिली, त्याच वर्षी लिव्हर ही ब्रिटिश साबण कंपनी आणि डच मार्गारिनवाले एकत्र येऊन युनिलिव्हर झालं. गाव विकायला निघालं की समोर खरेदीदार जवळजवळ एकच.

[दृश्य: ओलोको गावाचा रस्ता. मग पुन्हा बायकांचे हात.]

आणि 1929 च्याच नोव्हेंबरात ओलोको गावी न्वान्येरूवा नावाची बाई तेल काढत असताना एक माणूस माणसं-जनावरं मोजायला दारात आला. बायकांवरही कर बसणार, ही बातमी गावोगाव गेली. हजारो बायका रस्त्यावर आल्या. गोळीबारात 50 हून अधिक मारल्या गेल्या. चौकशी आयोगापुढे साक्षी द्यायला आलेल्या बायका कराबद्दल बोलल्या, ब्रिटिशांनी नेमलेल्या गावच्या मुखियांबद्दल बोलल्या, आणि तेल आणि गराला मिळणाऱ्या पडलेल्या भावाबद्दलही.