शाळेचा गीतमंच वर्षभर कसा टिकतो?

नमस्कार. तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळांमध्ये विद्यार्थ्यांचे जे संगीत गट असतात, म्हणजे गीतमंच, लेझीम पथक, झांज पथक, क्वचित एखादे बँड पथक, त्यांच्याविषयी आज मी सविस्तर बोलणार आहे. यांपैकी बहुतेक गट डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनासाठी उभे राहतात आणि जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचे संचलन झाले की विरून जातात. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ही स्थिती बदलता येते, आणि त्यासाठी मोठ्या निधीची गरज नसते, असे माझे ठाम मत आहे. गटाला रोजचे काम मिळाले तर तो टिकतो, आणि शाळेत असे रोजचे काम आधीपासूनच आहे. ते म्हणजे सकाळचा परिपाठ.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिलेले आहेत. त्या प्रत्येक दिवशी राष्ट्रगीत, प्रार्थना आणि बहुधा एखादे समूहगीत होते. १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचे राज्यगीतही लागू झाले आहे. एवढे गायन ज्या संस्थेत रोज घडते, तिथे गाण्याच्या सरावाला वेळ मिळत नाही, असे म्हणता येणार नाही. वेळ आहे, परंतु तो वेळ आपण सराव म्हणून वापरत नाही. अनेक शाळांत आता ध्वनिक्षेपकावर गाणे लावले जाते आणि रांगेत उभी असलेली मुले त्यामागे ओठ हलवतात. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण ज्या वयात शेकडो मुलांना एका सुरात उभे राहण्याचा अनुभव सहज देता येतो, त्याच वयात आपण त्यांना श्रोते करून ठेवतो.

परिपाठाला गीतमंचाने नेमके काय करायचे, हे समजून घेण्यासाठी राष्ट्रगीताकडेच पाहू. त्याचे गायन सुमारे ५२ सेकंदांत पूर्ण व्हावे, असे सांगितलेले आहे. त्याची चाल मंद्र निषादापासून (खालच्या सप्तकातल्या ‘नी’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘सा’पर्यंत) जाते, म्हणजे एका सप्तकाहून किंचित जास्त. ‘जय हे’ या शब्दांवर चाल वर चढते आणि तिथेच बहुतेक शाळांतला सूर फाटतो. मुलांना ती जागा येत नाही असे मुळीच नाही. सुरुवात करून देणारा विद्यार्थी मनाला येईल त्या सुरात ओळ उचलतो, आणि ती पट्टी, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ मानून गायचे तो सूर, उंच असली तर शेवटी वर जायला जागाच उरत नाही.

माझ्यासमोर ही पेटी आहे, तिच्यावर मी हे दाखवते. ही काळी चार, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ मानणे. गाणाऱ्या मुली आणि स्त्रिया बहुधा याच पट्टीच्या आसपास गातात. आता ही काळी एक, जी पुरुषांची नेहमीची पट्टी आहे. गीतमंचात दोघेही आहेत आणि सर्वांनी एकत्र गायचे आहे, तर काय करावे? राष्ट्रगीतासारखी जवळजवळ एका सप्तकात बसणारी चाल पांढरी एक किंवा काळी एक पट्टीत घेतली, तर मुली वरच्या सप्तकात आणि आवाज बदललेली मुले खालच्या सप्तकात तीच चाल म्हणू शकतात. ऐकणाऱ्याला ते एकच गाणे वाटते आणि कोणाचाही गळा ताणला जात नाही. मात्र ज्या गाण्याची चाल खाली मंद्र पंचमापर्यंत उतरते आणि वर तार पंचमापर्यंत जाते, ते गाणे या युक्तीने बसत नाही. अशा वेळी अंतरे वाटून द्यावेत, नाहीतर दुसरे गाणे निवडावे. पट्टी ठरल्यानंतर रोज सकाळी गीतमंचातील एका विद्यार्थ्याने पेटीवर ‘सा’ धरायचा, सर्वांनी तो दोन-तीन श्वास ऐकायचा, आणि मगच गाण्यास आरंभ करायचा. हा अर्ध्या मिनिटाचा नियम पाळला तर काही आठवड्यांतच संपूर्ण शाळेच्या गाण्यात फरक ऐकू येतो.

आता मी ज्या मुद्द्यावर अधिक वेळ थांबणार आहे, तो मुलग्यांच्या आवाजाचा आहे. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान मुलग्यांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. हा बदल एका दिवसात होत नाही. मधले काही महिने आवाज फुटलेला असतो, वरचे सूर निसटतात, खालचे अजून पक्के झालेले नसतात, आणि हाताशी चार-सहा सूरच भरवशाचे उरतात. सातवीपर्यंत सुरेल गाणारा मुलगा आठवीत किंवा नववीत गीतमंचातून बाहेर पडतो, तो बहुधा या काळात. त्याला कोणी काढलेले नसते, परंतु वर्गमित्र हसतात, शिक्षक म्हणतात की तू जरा मागे उभा राहा, आणि पुढच्या आठवड्यापासून तो येतच नाही. अनेकांच्या बाबतीत त्या दिवशी गाणे कायमचे थांबते.

हे टाळणे अवघड नाही. गीतमंच सांभाळणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक सत्राच्या आरंभी प्रत्येक मुलाचा आवाज दोन मिनिटे ऐकावा, कोणत्या सुरापासून कोणत्या सुरापर्यंत तो न ताणता जातो हे वहीत लिहून ठेवावे, आणि आवाज फुटलेल्या मुलाला त्या चार-सहा सुरांतच बसेल असे काम द्यावे. ध्रुवपदाच्या शेवटी ‘सा’ लांबवून धरणे, मधल्या ओळी तालात बोलणे, टाळ किंवा ढोलकी सांभाळणे, यांतले कोणतेही काम गौण नाही. त्याने जोर लावून जुने वरचे सूर गाठण्याचा हट्ट मात्र करू नये. आणि हा बदल प्रत्येकात होतो, तो आजार नाही, हे संपूर्ण गटासमोर एकदा स्पष्टपणे सांगून टाकावे. हसणे बहुतांशी अज्ञानातून येते.

लयीच्या गटांना हा प्रश्न नसतो, म्हणून लेझीम पथक गीतमंचापेक्षा सहज उभे राहते. लाकडी दांडा, साखळी आणि लोखंडी चकत्या एवढ्याच साहित्यावर पन्नास मुले एका वेळी काम करू शकतात. माझी एकच सूचना आहे. पश्चिम महाराष्ट्रात लेझमीसाठी हलगीवादक बाहेरून बोलावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्या कलाकाराला अवश्य बोलवावे, योग्य मानधन द्यावे, परंतु त्याच्याकडून शाळेतली दोन मुले आणि दोन मुली तयार करून घ्याव्यात. ज्या पथकाची हलगी स्वतःची नाही, ते पथक सरावाला एकत्र येतच नाही. बँड पथकाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, बिगुलाला कळा नसल्यामुळे त्यातून मोजकेच सूर निघतात आणि त्यावर गाण्याची चाल वाजवता येत नाही. चाल हवी असेल तर बासरीचा गट वेगळा तयार करावा लागतो.

शिकवणार कोण, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरापेक्षा अधिक असेल तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे. लहान शाळा त्या आकड्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि पोहोचल्या तरी कला शिक्षण म्हणजे बहुधा चित्रकलाच असते. प्रत्यक्षात संगीताची जबाबदारी गणिताच्या किंवा मराठीच्या एखाद्या हौशी शिक्षकावर येते, आणि त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले की गट संपतो. म्हणून गटाची एक वही असली पाहिजे. त्यात प्रत्येक गाण्याचे शब्द, पट्टी, ताल, लय आणि स्वरलेखन असावे. भातखंडे पद्धतीने मंद्र सुराखाली बिंदू, तार सुरावर बिंदू, कोमल सुराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ एवढ्या चार खुणा आल्या की आठवीचा विद्यार्थीही साधी चाल लिहू शकतो. भ्रमणध्वनीवरचे ध्वनिमुद्रण सोबत ठेवावे, परंतु ते फोनबरोबर निघून जाते. वही शाळेत राहते.

आणि गावात जाणकार असतात, त्यांच्याकडे जावे. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीत भजनी मंडळ आहे आणि तिथे पखवाज वाजवणारी शाळकरी मुलेही आहेत. घाटावर वारकरी दिंडीत वाढलेली मुले टाळावर पक्की असतात. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी भजनाची परंपरा गावोगावी पोहोचली आहे. अशा मुलाला शाळेत कोणी विचारलेले नसते की तुला काय वाजवता येते. शाळा सुरू होताच प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न विचारला, तर गटाचे निम्मे काम झाले असे मी मानते.

परीक्षांविषयीही बोलले पाहिजे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडसारख्या लहान गावी झाला, आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. संगीत राजदरबाराच्या आणि घराण्याच्या बाहेर काढून सामान्य कुटुंबांतल्या मुलांपर्यंत न्यावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या पश्चात शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथमपासून सुरू होतात आणि लहान गावांतही त्यांना मुले बसतात. या परीक्षांमुळे, तसेच लोककलेतील सहभागामुळे, दहावीला अटींनुसार वाढीव गुण मिळू शकतात, आणि त्यासाठीचे प्रस्ताव शाळेमार्फतच जातात. पालकांना हे सांगावे, कारण गुणांमुळे त्यांचा विरोध कमी होतो. मात्र परीक्षा एकट्याची असते आणि गीतमंच सर्वांचा असतो. परीक्षेला बसलेली तीन मुले पुढे आणि बाकीची सगळी मागे गप्प, अशी रचना मला मान्य नाही. परीक्षा देणाऱ्या मुलांनी इतरांना शिकवण्याचे काम घ्यावे. केंद्र शासनाचा कला उत्सव २०१५ पासून नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी होतो. त्यासाठीही तयारी याच रोजच्या सरावातून करून घ्यावी, स्वतंत्र निवडक तुकडी बांधू नये.

शेवटचा विषय दहावीचा. दहावीची मुले दिवाळीनंतर अभ्यासाकडे वळतात आणि ते योग्यच आहे. म्हणून पेटी, तबला, हलगी आणि वही यांची जबाबदारी नववीतल्या एका आणि आठवीतल्या एका विद्यार्थ्याकडे जोडीने द्यावी, आणि दहावीच्या मुलांनी दिवाळीपूर्वीच त्यांना पट्टी धरायला, ताल लावायला शिकवून मोकळे व्हावे. कपाटाची किल्लीही या जोडीकडे असावी, केवळ कार्यालयात नको. पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, ओल धरून सैल पडते आणि सूर उतरतो, दमट हवेत पेटीच्या पट्ट्या अडकतात, म्हणून वाद्ये जमिनीवर न ठेवता कोरड्या कपाटात ठेवावीत आणि आठवड्यातून दोनदा तरी वाजवावीत. रोज परिपाठाला पेटी बाहेर येत असेल, तर हे वेगळे लक्षात ठेवण्याची वेळच येत नाही.