महागड्या बॅगेचा कार्बन-हिशेब

(दृश्य: काचेआड ठेवलेली चामड्याची हँडबॅग)

दुकानातले दिवे एलईडी, वीज पवन किंवा सौरऊर्जेची, कागदी पिशवी पुनर्वापराच्या कागदाची. लक्झरी ब्रँडच्या वार्षिक अहवालात हे फोटो हमखास असतात. या सुधारणा सोप्या आहेत, खर्चही फार नाही. पण या बॅगेच्या उत्सर्जनातला, म्हणजे ती बनवताना हवेत गेलेल्या तापमान वाढवणाऱ्या वायूंचा, मोठा वाटा दुकानात नाहीच.

उत्सर्जनाचा हिशेब तीन खात्यांत मांडतात, त्यांना 'स्कोप' म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या बॉयलरमध्ये आणि गाड्यांमध्ये जळणारं इंधन म्हणजे स्कोप १. विकत घेतलेली वीज आणि उष्णता म्हणजे स्कोप २. उरलेलं सगळं स्कोप ३, त्याचे १५ प्रकार. फॅशन कंपन्यांचं बहुतांश उत्सर्जन या तिसऱ्या खात्यात पडतं, आणि त्यातही पहिल्याच प्रकारात: विकत घेतलेला माल.

(दृश्य: कुरणात रवंथ करणाऱ्या गायी)

हा माल म्हणजे इथे कातडं. गाय रवंथ करते, तिच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो. १०० वर्षांच्या हिशेबात असा एक किलो मिथेन साधारण २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. यातला किती मिथेन मांसाच्या खात्यात मांडायचा आणि किती कातड्याच्या? वजनावर वाटणी केली तर एक आकडा, किमतीवर केली तर दुसरा. कातडं हा निव्वळ टाकाऊ भाग मानला, तर त्याच्या वाट्याला शून्य. बॅग एकच, उत्तरं तीन! अहवालात वाटणीची पद्धत दिलेली नसेल, तर दोन ब्रँडची तुलना करूच नये.

(दृश्य: टॅनरीत फिरणारे मोठे लाकडी ड्रम)

मग टॅनरी, म्हणजे कातडं कमावण्याचा कारखाना. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, कातडं कमवायचं, रंगवायचं, वाळवायचं. ड्रम विजेवर फिरतात, पण पाणी तापवायला आणि कातडं वाळवायला लागणारी उष्णता बऱ्याचदा गॅसच्या बॉयलरमधून येते. पुढे कापणीच्या टेबलावर लक्झरीची खास अडचण येते. किड्याच्या चाव्याचा डाग, तारेचा ओरखडा, उठून दिसणारी शीर: असा भाग बॅगेच्या दर्शनी बाजूला चालत नाही, म्हणून तो टाळून कापतात. तुकडा बाजूला पडतो, त्याच्यामागचं उत्सर्जन मात्र झालेलंच असतं. किरकोळ डाग असलेलं कातडं आतल्या खिशाला किंवा पट्ट्याला वापरणं हा स्वस्तातला उपाय आहे. अडतं ते डिझायनरच्या होकारावर.

आता उद्दिष्टांकडे वळू. लक्ष्य 'प्रति युरो विक्री' असं मांडलं असेल तर सावध व्हा. २,००० युरोची बॅग २,५०० ला विकली की प्रति युरो उत्सर्जन २० टक्क्यांनी घटतं, आणि हवेत जाणारा वायू ग्रॅमभरही कमी होत नाही. प्रति नग लक्ष्यातही पळवाट आहेच: नगामागे ४० टक्के घट, पण विक्री दुप्पट, तर एकूण उत्सर्जन १०० वरून १२० वर. गुचीसारख्या लक्झरी ब्रँडची मालक असलेल्या केरिंग समूहाने २०२३ मध्ये एकूण उत्सर्जनाचंच लक्ष्य जाहीर केलं: २०२१ च्या तुलनेत २०३५ पर्यंत ४० टक्के घट, तिन्ही स्कोप धरून. निदान तपासता येईल असं हे वाक्य आहे.

कार्बन क्रेडिटची गोष्ट वेगळी. क्रेडिट म्हणजे दुसऱ्या कुणी उत्सर्जन टाळल्याचं किंवा शोषल्याचं विकत घेतलेलं प्रमाणपत्र. केरिंगच्याच गुचीने २०१९ मध्ये स्वतःला 'कार्बन न्यूट्रल', म्हणजे हिशेबात उत्सर्जन शून्य, म्हटलं होतं. त्यातला मोठा भार जंगल वाचवण्याच्या क्रेडिटवर होता. अशा क्रेडिटवर टीकेची झोड उठली आणि २०२३ मध्ये तो दावा संकेतस्थळावरून गेला. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून, निव्वळ क्रेडिट घेऊन एखाद्या वस्तूला 'कार्बन न्यूट्रल' म्हणण्यावर बंदी आहे.

खरी कपात अडते ती टॅनरीच्या बॉयलरपाशी. गॅसऐवजी विजेवर चालणारा हीट पंप (आसपासची उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र) बसवायचा, तर पैसे कोण घालणार? टॅनरी बहुधा लहान, गिऱ्हाईक ब्रँड चार-पाच, आणि ऑर्डर हंगामापुरती. यंत्राच्या कर्जाचे हप्ते मात्र कित्येक वर्षं चालतात. त्यामुळे ब्रँडचा अहवाल हातात आला की पुरवठादारांशी किती वर्षांचे करार आहेत आणि यंत्रांच्या खर्चात ब्रँडचा वाटा किती, हे आधी शोधा. बहुतेकदा हीच पानं सर्वांत कमी असतात.